हाडं आमची, कातडं तुमचं

कंदील हातभर खाली गेला न्हाई तर विझला. वर काढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. पेवाच्या तोंडाभोवती आर्धं गाव उभं होतं, आन कंदील विझला म्हणजे काय ते आमच्याकडं मोठ्या माणसाला सांगावं लागत न्हाई, खाली वाफ हाय, माणूस उतरला की गेला. आन खाली दोन लेकरं होती. दोन्ही आमच्या शाळेतली, एक आठ वर्सांचं, एक तेरा वर्सांचं. तोंडावर आडवं लाकूड टाकलेलं, त्याला टोपल्या ओढायचा दोर बांधलेला, तो दोर ताठ होता, म्हणजे दोघांतलं एक दोराला लटकलेलं होतं. कोणतं ते अंधारात दिसत न्हवतं. आन आमचे हेडमास्तर काठावर उभे राहून म्हणतेत, आरे उतरा की कोणीतरी, बघत काय उभे राहिलात. त्यांच्या हातात छडी होती. लेकरं मरायलीत म्हणून निरोप गेला आन हा माणूस शाळेतून पळत येताना छडी घेऊन आला. बाकीचं लय विसरले मी, ती छडी विसरले न्हाई.

पेव तुमाला ठाऊक न्हसंल, तुमी शहरातली माणसं. जमिनीत खोल खड्डा, तोंड बारीक, एक माणूस कसाबसा जाईल एवढं, आन आत पोट मोठं, रांजणासारखं. आतून कडबा लावायचा, जवारी भरायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. जवारी वर्सावर्सं टिकती. पण उघडलं की दिवसभर तसंच उघडं ठेवायचं, वाफ जाऊ द्यायची, मंग कंदील सोडून बघायचा, कंदील जळत राहिला तर माणूस उतरवायचा. हे घरची माणसं लेकरांना पेव उघडायच्या दिवशी सांगतेत, कान धरून सांगतेत. पण दुष्काळ पडलेला, कोणाच्या पेवात दाणा न्हवता, दोन वर्सं गावात पेवच उघडलं न्हवतं, मंग बारक्या लेकराला कोण सांगणार आन कशाला. एका मालीपाटलाचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या पाटलाचं, पेव तेवढं भरलेलं होतं. सरकार सक्तीनं धान्य घ्यायचं, त्या लेव्हीतून लपवलेली जवारी. भाव चढला तसं त्यानं ते गुपचूप उघडलं, दोर बांधून ठेवला, गडी जेवायला गेले, आन तोंड उघडं.

आता माझं सांगते. माझं नाव यमुना. बोरीकडचं गाव आमचं, बाप कोरडवाहू शेतकरी, पोटापुरतं. निजामाच्या राज्यात मी चौथी शिकले, शाळा एका मास्तराची, उर्दू पाठ करायची आन मराठी लिहायची. पुढं लग्न केलं. नवऱ्यानं दुसरी आणली आन मला टाकलं, त्यात त्यानं एकच काम बरं केलं, मला टाकलं. पोलिस अ‍ॅक्शन झाल्यावर मी बापाच्या घरी बसून सातवी दिली. तव्हा बाया शिकलेल्या कुठं होत्या, सातवी पास बाई मिळाली की धरून मास्तरीण करायचे, तसं मला केलं. पुढचं शिक्षण माझं काही न्हाई. ट्रेनिंगवाले लोक मला हसायचे. हसू द्या म्हणलं. चाळीस लेकरं गप बसवायला ट्रेनिंगची पुस्तकं लागत न्हाईत.

आन लेकरं मला आवडायची आसं समजू नका. ती भाषणं दुसरे करतेत, लेकरं फुलं आसतेत म्हणून. ज्यांनी चाळीस फुलं एका खोलीत सांभाळली न्हाईत ते म्हणतेत तसं. लेकरू म्हणजे शेंबूड, उवा, चिमटे आन खोटं बोलणं. पण मी मारत न्हवते. दया म्हणून न्हाई, मारण्यात आर्थ न्हवता म्हणून. लेकरू मार खातं, दोन दिवस गप बसतं, तिसऱ्या दिवशी त्याला मार पचतो, मंग तुमी आणखी जोरानं मारायचं, आन आसं करत करत तुमचा हात दुखायला लागतो आन लेकराचं कातडं निबर होतं. त्यापेक्षा मी आवाज बारीक करायची. मी हळू बोलले की मागची पोरं म्हणायची, बाई ऐकू येईना. मी म्हणायची, मला काय करायचंय, गप बसा म्हणजे येईल. जे पोरगं लय वळवळ करतं त्याला घागर देऊन आडावर पाठवायची, येऊस्तोवर त्याची वळवळ मुरायची. आन उपाशी लेकराला मी रागवतच न्हवते. उपाशी लेकरू गोंधळ घालतं, खाल्लेलं लेकरू पेंगतं, ह्यात शिस्तीचा काय संबंध.

हेडमास्तरांचं नाव नागोराव. परभणीत शिकलेले, धोतराची घडी मोडत न्हवती, टोपी वाकडी होत न्हवती. तिसरी-चौथी त्यांच्याकडं, पहिली-दुसरी माझ्याकडं, मधी कुडाची भिंत, म्हणून तिकडचा प्रत्येक फटका माझ्या पोरांना ऐकू यायचा आन माझी पोरं मोजायची, कोणाला किती. त्यातून त्यांचं गणित तेवढं सुधारलं. अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, बोटांत पेन्सिल धरून दाबणं, सगळं करायचे. आन गावाला पसंत होतं. काय सांगू तुमाला, आमच्याकडं बाप पोराला शाळेत घालायला आला की नारळ देत न्हवता, फुलं देत न्हवता, पोराला पुढं ढकलायचा आन म्हणायचा, मास्तर, हाडं आमची, कातडं तुमचं. म्हणजे सोला ह्याला, फक्त हाडं तेवढी परत द्या. आन बोलताना त्याची छाती फुगायची, जसं काय दान दिलं. मास्तर मान हालवायचे, कातडं जमा करून घ्यायचे.

त्या हेडमास्तरांनी एक पलटण केलती. शाळेला न येणारं पोरगं धरून आणायची पलटण. चौथीतली चार दांडगी पोरं, दोघांनी हात धरायचे, दोघांनी पाय, आन मढं न्यावं तसं लटकवत गल्लीतून आणायचं. हेडमास्तर तिला शिस्तपथक म्हणायचे. गाव म्हणायचं मास्तरची कुत्री. गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून बघायच्या, म्हातारे हसायचे, कोणाची आज उचलबांगडी झाली रे म्हणायचे. मी एकदा म्हणलं, मास्तर, पोरांच्या अंगात हे भिनंल. तर मला म्हणतेत, यमुनाबाई, तुमी दुसरीच्या पुढं बघू नका. बरं म्हणलं. तुमी तरी चौथीच्या पुढं कुठं बघायलात.

पलटणीचा म्होरक्या शेषा. शेषराव म्हणायचे हजेरीत. कोरडवाहू शेतकऱ्याचं एकुलतं एक पोरगं, चौथीत पुन्हा पुन्हा बसलेला, मिसरूड फुटायला आलेलं आन पाढे तेराला आडकलेले. आधी शाळेत सगळ्यात जास्ती मार हाच खायचा. त्याचा बाप त्याला घालायला आलता तव्हा तेच बोलला, हाडं आमची. मंग हेडमास्तरांनी ह्याला पलटणीत घेतलं, त्या दिवसापासून ह्याचा मार बंद. म्हणजे पोरगं धरून आणलं तर बंद. हात हालवत परत आला तर ज्याला आणायचं त्याच्या वाटणीचा मार शेषाला. आता सांगा, कुत्र्याला आपण ह्यापेक्षा बरं शिकवतो का न्हाई.

दुसरं पोरगं गौतम. माझ्या दुसरीतलं, भीमनगरातलं. भीमनगर म्हणजे आमच्या गावाची बौद्ध वस्ती. बारीक, काळं, काटक, आन लय चावट. शेजारच्याची पाटी थुंकीनं पुसायचं, पोरींच्या वेण्या खांबाला बांधायचं. मला ते काही लाडकं न्हवतं. त्याची माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, दिवस निघायच्या आधी, आन घरी दीड-दोन वर्सांची बहीण. तिला कोण सांभाळणार, गौतम. म्हणून शाळेला यायचा न्हाई. पलटणीनं पहिल्यांदा लटकवत आणला तव्हा मारुतीच्या पारासमोर त्याची चड्डी निसटली आन सगळं गाव हसलं. तव्हापासून काय झालं, पलटण लांबून दिसली की हे पोरगं वारं प्यायल्यागत पळायचं. आधी दोन दिवस चुकवायचा, आता आठवडा चुकवू लागला. ह्याला शिस्त म्हणतेत.

मी त्याला म्हणलं, बहिणीला घेऊन ये. मुतली तर तू पुसायचं. तर यायला लागलं की. बहीण पोत्यावर झोपायची, उठली की पाटीवर रेघा मारायची, आन दुपारी शाळेत सुकडी मिळायची ती दोघं एका ताटात खायची. ती सुकडी त्या वर्सी सरकार दुष्काळाची देत होतं, आन खरं सांगते, शाळा भरायची ती सुकडीवर, सरस्वतीवर न्हाई. पोरगं रोज आलं, एक दिवस चुकवला न्हाई. चिमटे काढायचं राहिलं न्हाई, पण आलं. हेडमास्तरांच्या डोळ्यात ते सलायलं. शाळा हाय का पाळणा हाय म्हणतेत. तिचं नाव हजेरीत न्हाई, तिला सुकडी कशी. मी म्हणलं, ती भावाच्या ताटातलं खाती, तुमच्या ताटातलं न्हाई. ते त्यांनी मनात धरलं.

मंग तपासणीचे साहेब यायचे ठरले. शाळा सारवली, पोरांची डोकी भादरली, आन त्या दिवशी सकाळी हेडमास्तर माझ्या वर्गात आले, पोत्यावर झोपलेली पोरगी काखेत धरून उचलली आन बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली, मांजरीचं पिलू ठेवावं तशी. ती रडायली. गौतम उठला, तिला कडेवर घेतलं आन निघून गेला. मी हाक मारली न्हाई. रडणारी बहीण बाहेर ठेवून जे पोरगं आत पाढे म्हणंल ते पोरगं मला नको होतं. पण हेडमास्तरांना पट भरलेला पाहिजे होता. साहेब यायच्या आत ते पोरगं जाग्यावर बसलेलं पाहिजे, म्हणून त्यांनी पलटण सोडली, आन माझ्या देखत शेषाला छडी दाखवली. मी म्हणलं, शेषा, तू जाऊ नको. त्यानं माझ्याकडं बघितलं, छडीकडं बघितलं आन गेला. मला कोण विचारतं, मी दुसरीची बाई.

गौतम बहिणीला घेऊन मालीपाटलाच्या खळ्यात बसलता, लिंबाखाली सावलीला. पलटण दिसली. बहीण कडेवर घेऊन पळता येत न्हाई, म्हणून तिला लिंबाच्या बुडाला बसवली आन ह्यानं लपायला जागा बघितली, तर हे पेवाचं तोंड उघडं, त्यात दोर थोडासाच सोडलेला. दोराच्या शेवटाला टोपली आडकवायचा फासा होता, त्यात पाय घालून हे बेणं तोंडाच्या जरा खाली लटकलं, वरून दिसणार न्हाई आसं. पण बहीण पेवाकडं बघून बघून रडायली. शेषाला कळलं. संगतीची पोरं सांगत होती मागून, आमी म्हणलं शेषा उतरू नको, आज उघडलंय, तर तो म्हणला, मंग आजचा मार तुमी खाता का. शेषाला पेवाचं ठाऊक होतं. मोठा होता, घरी पेव होतं त्यांच्या. ठाऊक आसून उतरला. दोराला धरून गौतमच्या आंगावरून खाली सरकला, फाशाला लोंबकळून त्याला खालून वर ढकलायला, आन तिथंच त्याचे हात सुटले. धप आवाज आला म्हणाली पोरं. मंग काहीच न्हाई.

ती तिघं बोंबलत शाळेत आली. मी पळाले, लुगड्याचा बोंगा धरून पळाले, हेडमास्तर मागून. कंदिलाचं सांगितलंच. मालीपाटील घरातून आला, त्याचं पहिलं बोलणं काय, तर भीमनगरचं पोरगं मव्ह्या पेवात उतरलं, आता जवारी बाटली. त्याला मी जे बोलले ते तुमी लिहू नका, छापणार न्हाईत. मंग गड्यांना म्हणलं, दोर ओढा, झटका देऊ नका, एका चालीनं ओढा. कोणी म्हणलं, सुटलं तर खाली पडंल. म्हणलं, वर ओढलं न्हाई तर कुठं जाईल. ओढला. आधी पाय आला, फाशात पक्का आडकलेला, आन मंग उलटं लटकलेलं गौतम. तोंड जांभळं, डोळे पांढरे. लिंबाखाली कडब्यावर टाकला. एक म्हातारी पदरानं वारा घालायली, बहीण त्याच्या पोटावर जाऊन बसली. तिला उठवलं कोणी न्हाई.

शेषा पार तळाला पडलेला, त्याला काय ओढणार. माणूस सोडायचा न्हाई हे सगळ्यांनी बोललं, हेडमास्तर सोडून. ते दोनदा गड्यांना म्हणाले, उतर. एक गडी त्यांना म्हणला, मास्तर, तुमच्या पलटणीत घेता का मला. मंग लिंबाचे मोठे डगळे दोराला बांधून वरखाली हालवले, घोंगडी हालवली, वारा आत ढकलायला, आन आडात पडलेल्या घागरी काढायचा लोखंडी गळ हाय ना, तो आणून फिरवला. दोन-तीनदा जवारीत घुसला. मंग सदऱ्याला लागला. तसा काढला, घागर काढल्यावानी. दोघांना एका बैलगाडीत घातलं, कडब्यावर आजूबाजूला, आन गाडी बोरीच्या दवाखान्याला पळवली. मी गाडीत होते. दोघांच्या छातीवर माझा एकेक हात होता आन गाडी एवढी धडधडत होती की कोणाची छाती हालतीय आन कोणाची गाडीनं हालतीय ते मला कळत न्हवतं.

डॉक्टरनं दोघांना बघितलं, आन एकाला बघायचं लवकर सोडून दिलं. शेषाचा बाप रानातून पळत आलता, पायात वहाण न्हाई. हेडमास्तर तिथं पोचले होते, टोपी सरळ करून. बाप त्यांच्यापुढं उभा राहिला. मला वाटलं आता हा ह्यांच्या नरड्याला हात घालतो. न्हाई. हात जोडले त्यानं, आन म्हणला, मास्तर, हाडं आमची म्हणलं होतं, हाडं नेतो. आन पोराला खांद्यावर टाकून निघाला. त्याच्या त्या जोडलेल्या हातांचाच मला लय संताप हाय. आजून हाय. मारायचं सोडून हात कामून जोडले म्हणून.

पंचनाम्याला फौजदार आला. हेडमास्तर म्हणाले, पोरं मधल्या सुट्टीत खेळायला गेलती. मालीपाटील म्हणला, खेळायला गेलती, त्याला पेवात काय होतं ते बोलायचं न्हवतं. पलटणीतल्या तिघांना म्हणायला लावलं, खेळायला गेलतो. सुट्टी झालीच न्हवती, साहेब यायचे होते, कोणती सुट्टी. मी फौजदाराला खरं ते सांगितलं. तो म्हणला, बाई, तुमाला विचारलंय का. मंग पाऊस पडायच्या आत माझी बदली पूर्णेच्या पलीकडं, नदीकाठच्या एका वस्तीवर, जिथं शाळेला भिंत न्हवती. बरं झालं. भिंत न्हसली की पलीकडचे फटके ऐकू येत न्हाईत. हेडमास्तर पुढं रिटायर झाले, गावानं शाल दिली, नारळ दिला, भाषणात म्हणले ह्यांच्या छडीनं पिढ्या घडल्या. मला बोलवलं होतं. मी गेले न्हाई, नारळ माझ्या घरी होता.

गौतम मोठा झाला, रेल्वेत लागला पूर्णेला, रुळावरच्या कामाला. मागल्या उन्हाळ्यात आलता, पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. पायाला हात लावायला वाकला, म्हणलं राहू दे, गुडघे दुखतेत तुझे. बहीण चांगली हाय म्हणला, मानवतला दिलीय. मंग चहा पिता पिता त्याच्या बारक्या पोराचं सांगायला लागला, शाळेला दांडी मारतो बाई, म्हणून आता खासगी शाळेत घातलाय, लय कडक शाळा हाय, मास्तर हातात पाइप ठेवतेत. मी विचारलं, आन तू पोराला घालताना त्या मास्तरला काय म्हणलास. तो हसला. काय म्हणायचं बाई, म्हणला, आपल्यात म्हणतेत तेच.

मी त्याच्या पुढ्यातला कप उचलला. चहा आर्धा होता आजून. म्हणलं, जा आता, गाडी चुकंल तुझी. गेला. लग्नाला मी जाईन, पोरीचा काय दोष, लुगडं घेऊन ठेवलंय तिला. पण त्याच्याशी बोलणार न्हाई.

लिहिलं का सगळं? मंग शेवटचं तेवढं लिहा. पेवात दोघं उतरले होते. शेषा तेरा वर्सांचा होता, तो मेला. गौतम जगला.